दत्तकाचा आदेश येईपर्यंत पुण्यात बाळाबरोबर कसे राहावे

अमेरिकेचा पासपोर्ट असलेले मराठी आई-बाबा महाराष्ट्रातल्या शिशुगृहातून मूल दत्तक घेतात, तेव्हा शेवटी एक असा काळ येतो की मूल कुशीत असते, पण कायद्याने अजून पुरते आपले झालेले नसते. ‘कारा’ने (दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने) ना-हरकत प्रमाणपत्र दिले की हमीपत्र लिहून देऊन मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आणता येते. मात्र जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पासपोर्ट आणि व्हिसा हातात पडेपर्यंत त्याला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून तात्पुरते बिऱ्हाड करून राहायचे. हे आठवडे बरेच जण कागदांमागे धावण्यात घालवतात. कागदांना दिवसाचा एक तास पुरतो, तोही मूल झोपलेले असताना. उरलेला सगळा दिवस मुलाचा. त्याला आई-बाबा म्हणजे काय हे कळायची सुरुवात याच घरात होते, आणि ही संधी पुन्हा मिळत नाही.

खालचा तपशील दोन ते चार वर्षांच्या मुलाला धरून लिहिला आहे.

किती दिवस धरायचे

१ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित असते. आदेश मिळाल्यावर शिशुगृह चालवणारी दत्तक संस्था मुलाच्या भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करते. पासपोर्ट कार्यालयाला त्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे. हे दत्तक आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराला धरून झाले, असे अनुरूपता प्रमाणपत्र ‘कारा’ देते आणि मग व्हिसाचे काम सुरू होते. कागदावरच्या या मुदती फाइल पूर्ण असेल तरच पाळल्या जातात. एक नोटरी राहिली, एका पानावर सही राहिली, की फाइल परत येते. म्हणून तीन महिन्यांची तयारी ठेवा आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढा.

आदेशाचा मसुदा संस्थेच्या वकिलांकडून सहीआधीच मागून घ्या आणि अक्षर न् अक्षर तपासा. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक नावात होते. महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आपोआप लिहिले जाते. तुमच्या अमेरिकी पासपोर्टवर मधले नाव नसेल किंवा वेगळे असेल, तर आदेशात एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरे आणि व्हिसाच्या अर्जात तिसरे असा घोळ होतो. शुद्धिपत्र काढायला पुन्हा आठवडे जातात. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव नेमके कसे लिहायचे हे एका कागदावर टंकून संस्था, वकील आणि अमेरिकेतली तुमची दत्तक एजन्सी या तिघांना एकाच दिवशी द्या. आदेश मिळेल तेव्हा निदान पाच प्रमाणित प्रती मागा.

पासपोर्टच्या भेटीच्या दिवशी चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो सोबत न्यावा लागतो: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. व्हिसाचा फोटो वेगळा, दोन इंच बाय दोन इंच. दोन्ही एकाच दिवशी काढून घ्या. तसाही स्टुडिओतला दिवा मुलाला आवडत नाही.

घर कसे बघावे

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार या मुक्कामाला सोयीचा नाही. महिन्याच्या बोलीवर मिळणारे, स्वयंपाकघर असलेले सर्व्हिस अपार्टमेंट घ्या. परदेशी पासपोर्टवर राहणाऱ्यांची नोंद चोवीस तासांत करायची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते. ती झाली का, हे विचारून त्याची प्रत ठेवा. शिशुगृह आणि बालरोगतज्ज्ञ जवळ असतील असा भाग निवडा. हिंजवडीत घर आणि कॅम्पात डॉक्टर, असे झाले तर रडते मूल घेऊन गर्दीत दीड तास जातो.

पाहायला गेलात की क्रमाने तपासा: सगळ्या खिडक्यांना आणि बाल्कनीला मजबूत ग्रिल, डासांची जाळी, इन्व्हर्टर, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आणि बाथरूमचा गिझर. गिझरचे गरम पाणी थेट नळाला येत असेल तर ते किती कडक येते हे हाताने पाहा. शिशुगृहात बादलीने आंघोळ घालतात, शॉवर मुलाने पाहिलेलाही नसतो. पहिले काही दिवस प्लास्टिकची बादली आणि लहान मगच वापरा. आधी पाणी बादलीत कालवून घ्या, मग मुलाला आत न्या. लिफ्ट, कमोडचा फ्लश, मिक्सर, आरसा, कुत्रा, दाढीवाला माणूस, यांतल्या कशाचीही भीती वाटू शकते. एका दिवशी एकच नवी गोष्ट.

शिशुगृहातून काय विचारून घ्यायचे

मूल ताब्यात मिळेल त्या दिवशी खूप गडबड असते, म्हणून हे आधीच्या भेटीत वहीत लिहून घ्या. उठण्या-झोपण्याच्या वेळा. दूध कोणते, किती पाण्यात किती चमचे, बाटलीने की वाटीने. भात किती मऊ, तिखट किती. झोपताना थोपटतात की पाळणा, दिवा चालू असतो की बंद, शेजारी कोण झोपते. शी-शूसाठी ते कोणता शब्द वापरते. हाक कोणत्या नावाने मारतात, आणि त्याची लाडकी मावशी (तिथे सांभाळणारी बाई) कोण. त्याचे रोजचे पांघरूण किंवा एक कपडा मागून घ्या आणि तो धुऊ नका. त्या वासाने पहिल्या रात्री झोप लागते.

लसीकरणाचे कार्ड, वजन-उंचीच्या नोंदी आणि जुन्या आजारांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तिथेच काढा. मावश्यांबरोबर मुलाचे फोटो, त्याची खाट, अंगण, फाटक यांचेही फोटो परवानगी घेऊन काढा, पण फक्त घरच्या अल्बमसाठी. पंधरा वर्षांनी ते मूल विचारेल तेव्हा हेच त्याच्या हातात देता येईल. परत येऊन हे सगळे मिळेलच असे नाही, कर्मचारी बदलतात.

पहिले दोन आठवडे

घास भरवणे, आंघोळ, कपडे, झोपवणे आणि लागल्यावर उचलून घेणे या पाच गोष्टी फक्त आई आणि बाबांनीच कराव्यात. आजी, आत्या, मावशी प्रेमानेच येतात, त्यांनी वाट पाहिलेली असते. पण आतापर्यंत या मुलाला अनेक हातांनी सांभाळले आहे आणि जो उचलेल त्याच्याकडे ते जाते. ते सगळ्यांकडे हसत जाते म्हणजे रुळले, असा अर्थ काढू नका. आजीला स्पष्ट सांगा: “दोन आठवडे तुम्ही आमच्यासाठी स्वयंपाक करा, बाळाला आम्ही भरवू.” काम हातात दिले की बोलणे टोचत नाही. बारसे, हॉलमधला समारंभ, देवदर्शन हे सगळे मूल घरी स्थिरावल्यावर. आणि फोटो कोणीही समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर हे पहिल्याच दिवशी लिहून टाका, कारण तिथूनच फोटो पुढे जातात.

दिवसाचे वेळापत्रक शिशुगृहाचेच ठेवा. तिथे सकाळी सहाला उठवत असतील तर सहालाच. नाश्त्याला मऊ उपमा किंवा नाचणीचे सत्त्व, दुपारी वरण-भात-तूप, चारला दूध आणि फळ, साडेसातच्या आत जेवण. तीन वर्षांचे मूलही कडक पदार्थ चावायला शिकलेले नसू शकते, कारण तिथे सगळे कालवून भरवतात. पोळी दुधात कुस्करून सुरू करा आणि आठवड्याभरात तुकडे मोठे करत न्या. दूध बदलायचे असेल तर एकदम नको: तीन भाग जुने, एक भाग नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे-निम्मे, मग उलटे. पावडरचे दूध शेवटी डब्यावर लिहिलेल्या मापावरच आणायचे, पण लगेच नाही. मुलांची गर्दी असलेल्या शिशुगृहात ते पातळ केलेले असू शकते, आणि घरी पूर्ण मापाचे दूध लगेच दिले की पोट बिघडू शकते. डॉक्टरांना विचारून चार-पाच दिवसांत मापावर या.

काही मुले उलटी होईपर्यंत खातात, तोंडात घास साठवतात, उशीखाली बिस्किट लपवतात. रागावू नका, ताट ओढून घेऊ नका. थोडे-थोडे वाढा आणि केळ्याचे काप किंवा मऊ पोळीचे तुकडे असलेली एक वाटी त्याच्या हाताला लागेल अशी दिवसभर ठेवा. अन्न संपत नाही हे पटायला काही आठवडे लागतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे या वयात देऊ नयेत, घशात अडकतात.

रात्री वेगळी खोली, वेगळी खाट हे अमेरिकेत गेल्यावरही लगेच नको. गादी जमिनीवर, तुमच्या गादीला लागून. मंद दिवा चालू. मूल रात्री उठून मावशीच्या नावाने रडले तर खेळणी दाखवून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवू नका. “मावशीची आठवण येते ना, मी इथेच आहे,” एवढे म्हणून जवळ घ्या. तुम्ही मराठीत बोलता ही या मुलासाठी फार मोठी सोय आहे. तिकडच्या तयारीच्या नावाखाली इंग्रजीची घाई करू नका. रडणे आले, म्हणजे त्याला कोणाचा तरी लळा लागला होता. ज्याला असा लळा लागू शकतो, त्याला तुमचाही लळा लागेल.

बाबांकडे जात नाही, ही तक्रार हमखास येते. शिशुगृहात सांभाळणाऱ्या बहुतेक बायका असतात, पुरुषाचा आवाज आणि दाढी नवी असते. बाबांनी जमिनीवर बसून, हसून पण पाठीमागे न लागता, दिवसातले एक आवडते काम (बहुधा चारचे दूध) आपल्याकडे घ्यावे. आणि कोणीही गुपचूप बाहेर सटकू नये. “मी भाजी आणायला जातो, परत येतो,” हे सांगून जा, मूल रडले तरी.

तब्येत

पहिल्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा: वजन, उंची, डोक्याचा घेर, रक्त, शौचाची तपासणी, त्वचा, कान. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर खाज सुटणारे पुरळ असेल तर ती बहुधा खरूज. पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून खाली रात्रभर लावून सकाळी धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावले नाही तर ती फिरून येते. नेमकी इथेच चूक होते. कपडे-चादरी कडक पाण्यात धुवा.

जुलाब लागले तर ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. अर्ध्या पाण्यात केले तर मिठाचे प्रमाण घातक होते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावरील मुलाला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. फळांच्या चवीची तयार गोड पेये हे ओआरएस नव्हे. सहा महिन्यांवरील मुलाला झिंक रोज २० मिलीग्रॅम, पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले तर घरी थांबू नका.

व्हिसाच्या तपासणीचा विचार लसींच्या आधी करा. अमेरिकेच्या नियमांनुसार दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची क्षयरोगासाठी इग्रा ही रक्तचाचणी होते. बीसीजी या क्षयरोगाच्या लसीमुळे तिचा निकाल चुकत नाही. पण गोवर-रुबेलाची लस नुकतीच दिली असेल तर निकालावर परिणाम होऊ शकतो. म्हणून ती लस आणि चाचणी एकाच दिवशी किंवा मध्ये चार ते सहा आठवडे सोडून असावी. चाचणी पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे, त्यातही शंका आली तर कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी), ज्याच्या निकालाला आठ आठवडे लागतात. मुलाला बराच काळ खोकला असेल किंवा संपर्कात कोणाला क्षयरोग झाला असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. दहा वर्षांच्या किंवा त्याहून लहान दत्तक मुलाच्या राहिलेल्या लसी शपथपत्र देऊन अमेरिकेत पोहोचल्यावरही देता येतात, तेव्हा घाईने सगळ्या टोचून घेऊ नका.

रजा, विमा आणि एकाने परत जाणे

पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत पात्र कर्मचाऱ्याला एफएमएलए या अमेरिकेतल्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली बारा आठवड्यांची बिनपगारी रजा दत्तकासाठी मिळते, परदेशातल्या प्रवासासाठीही. ती सगळी पुण्यात संपवू नका. तिकडे गेल्यावर मुलाचे दुसरे रुळणे सुरू होते. पुण्यातून काम करणार असाल तर न्यूयॉर्कशी उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक आहे. मूल झोपल्यावर साडेआठ ते बारा, एवढेच झेपते.

मुलाचे नाव कंपनीच्या आरोग्य विम्यात साधारण ३० दिवसांत घालावे लागते. हे दिवस ताब्याच्या तारखेपासून मोजायचे की आदेशाच्या, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत ताब्याचीच तारीख धरा.

एकाला मध्येच परत जावे लागले तर जाण्याआधी संस्थेला आणि एजन्सीला कळवा. पासपोर्टचा अर्ज, व्हिसाचा अर्ज आणि मुलाच्या उपचारांची संमती यांवर कोणाच्या सह्या लागतील ते विचारून, मुखत्यारपत्र नोटरी करून ठेवा. जाण्याचा दिवस मुलाला दोन दिवस आधी सांगा आणि रोज एकाच वेळी व्हिडिओ कॉल करा, मूल पडद्याकडे पाहत नसले तरी.

दत्तक मुलांच्या व्हिसाचे काम अमेरिकेच्या नवी दिल्लीतल्या दूतावासात होते. विमानाने दोन तास लागतात, पण ही एक मोठी घडामोड आहे. तपासणी आणि मुलाखत एकाच फेरीत बसवा, मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, पांघरूण आणि वाटी सोबत न्या. टेकऑफ-लँडिंगला घोटभर पाणी पाजत राहा, कान कमी दुखतात. पासपोर्टवर व्हिसा उमटला की नाव, जन्मतारीख आणि व्हिसाचा प्रकार काउंटरवरच वाचून पाहा.