वर्ल्ड बँकेकडे तक्रार कशी करायची
बँकेच्या पैशातल्या प्रोजेक्टमुळे गावाचं नुकसान होतंय? मग इन्स्पेक्शन पॅनेलला, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या बँकेच्याच स्वतंत्र समितीला लिहा, दोन माणसं पुरे, मराठीत लिहिलं तरी चालतं आणि नावं गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं. पण आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना कळवलेलं असलं पाहिजे, त्या ईमेलची तारखेसकट प्रिंट जपून ठेवा, तीच पुढे कामाला येते. पत्रात रडगाणं नको, कुणाची विहीर, किती जमीन, काय गेलं ते लिहा. प्रोजेक्ट संपायची वाट बघत बसू नका, उशीर झाला की तक्रार घेतच नाहीत. पॅनेल भरपाई देत नाही हं, बँकेनं स्वतःचे नियम पाळले का एवढंच तपासतं. तेही 1993 मध्ये मिळालं, नर्मदा खोऱ्यातले लोक सरदार सरोवरावरून इतकी वर्षं भांडले म्हणून.