फ्लोट डौलात जातो, पण मासा लागत नाही? हिवाळी ग्रेलिंगच्या या चुका टाळा

ट्राउटचा हंगाम संपला की इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची युअर, वेल्समधली डी अशा नद्यांवर ग्रेलिंगवाल्यांचे, म्हणजे ट्राउटच्याच भाऊबंद माशामागे जाणाऱ्यांचे, दिवस सुरू होतात, ते थेट १४ मार्चपर्यंत. फ्लोट, म्हणजे मासा लागला की बुडणारी दोऱ्यावरची तरंगती खूण, छान वाहत जातो, पण बुडायचं नाव घेत नाही. मग लोक आमिष बदलत बसतात. खरं तर बहुतेक वेळा आमिषात काही खोट नसते. ते चुकीच्या थरातून, चुकीच्या वेगाने चाललेलं असतं.

आधी खोली बघा. ग्रेलिंगचं तोंड लहान आणि खालच्या अंगाला असतं. थंडीत तो तळालगतच खातो. आमिष हातभर वरून गेलं तर तो कशाला उठेल? फ्लोट दोऱ्यावर थोडा थोडा वर सरकवत राहा. गळ तळाला घासून फ्लोट मधूनच अडखळू लागला की दोन बोटं खोली कमी करा.

वेगाची चूक जास्त चिवट. वरचं पाणी पळतं, तळाचं दगडगोट्यांना घासत सावकाश जातं. फ्लोट मोकळा सोडलात तर आमिषही वरच्या पाण्याच्या ओढीने धावतं. सेंटरपिन रीलच्या (मोकळेपणी फिरणाऱ्या, दोरा गुंडाळायच्या चक्राच्या) कडेवर बोट हलकं टेकवून फ्लोटला किंचित मागे धरा. फार दाबलंत तर आमिष तळापासून उचललं जाईल. रॉड आणि फ्लोटमधल्या दोऱ्याला प्रवाहाने बाक आला की तो फ्लोटला आडवं ओढतो. रॉड उचलून दोरा प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. खळाळात काडीसारखा नाजूक स्टिक फ्लोट नको, जाड डोक्याचा लोफर फ्लोट लावा.

मासे गोळा करायला मूठभर अळ्या एकदम पाण्यात फेकणं ही हौस आवरा. प्रत्येक खेपेला आठ-दहा पुरे, त्याही फ्लोट सोडण्याआधी. १६ नंबरच्या लहान गळावर दोन अळ्या, जाड टोकाच्या नुसत्या कातडीतून ओवलेल्या. आतला रस बाहेर आला की अळी बदला. पाणी गढूळ असेल तर लहान तांबडं गांडूळ लावा. वितळलेला बर्फ नदीत उतरला असेल तर मात्र घरी चहा प्यावा, हे माझं मत.

रॉडच्या कड्यांत बर्फ धरून दोरा अडकला तर टोक नदीत बुडवा. पाणी हवेपेक्षा गरम असतं.

मासा लागला की त्याला प्रवाहाविरुद्ध खेचू नका. पाठीवरचा पंख शिडासारखा उभारून तो आडवा होतो आणि गळ निसटतो. तुम्हीच काठाने खाली चालत जा. सोडतानाही घाई नको, कारण ग्रेलिंग लवकर दमतो. बिनकाट्याचा (टोकाला उलटा दात नसलेला) गळ पाण्यातच काढा, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी हलका आधार द्या आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा. हवा शून्याखाली असेल तर फोटोचा मोह सोडा. पाण्याबाहेर कल्ल्यांना इजा होते.