रोपाला नळी: आधी ग्रासकटर, मग बकऱ्या

घोडबंदर रोडवरची आमची सोसायटी येऊरच्या डोंगराला पाठ लावून आहे. मागच्या कुंपणालगत दर पावसाळ्यात रोपं लागतात आणि दिवाळीच्या आत बरीचशी ग्रासकटरखाली जातात. कापणाऱ्याचा तरी काय दोष, कमरेएवढ्या गवतात वीतभर तामण दिसणार कसं? रोप साफ कापलं गेलं तर बुडातून फुटतं तरी. पण कटरच्या दोरीने बुंध्याची साल गोल सोलली की ते काही दिवस हिरवं राहतं, मग वाळतं, आणि मीटिंगमध्ये ठरतं की माळी पाणी घालत नाही.

यावर उपाय म्हणजे रोपाभोवती प्लास्टिकची उभी नळी घालायची. ही युक्ती ब्रिटनची. तिथल्या वनखात्यातल्या ग्रॅहम ट्युली यांनी १९७९ मध्ये ती आणली. हरणं-सशांपासून बचाव होतो, शिवाय आत ऊब आणि दमटपणा टिकून रोप झपाट्याने वर जातं. ऊब आपल्याला नकोच आहे. एप्रिलच्या दुपारी बंद नळीत हात घालून बघा. म्हणून भोकं असलेलीच नळी घ्या, नाहीतर तापवलेल्या खिळ्याने खाली आणि वर भोकं पाडा. गरम हवा वरून निघते, खालून ताजी शिरते. ड्रेनेजच्या पाइपात अख्खं रोप कोंडू नका, उजेड पोचत नाही. त्याच पाइपाचा वीतभर तुकडा उभा चिरून बुंध्याला घातला तर कटरपुरता मात्र मला तो विकतच्या नळीपेक्षा आवडतो.

जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. आधाराची बांबूची खुंटी नळीच्या बाहेर, नैर्ऋत्येला ठोका, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. खुंटीचं टोक नळीच्या तोंडाच्या खाली राहू द्या, नाहीतर शेंडा वाऱ्यात त्यावर घासतो. बांबूचं बूड वाळवी खाते, म्हणून दर पावसाळ्याआधी खुंटी हलवून बघायची. नळीची कड धारदार असेल तर बाहेर दुमडा.

बकऱ्यांपुढे चार फुटी नळीही अपुरी. मागच्या पायांवर उभ्या राहून त्या वर आलेला शेंडा आरामात खातात. भोवती बोरीच्या काट्या टाका; त्यावर अजून तरी तोड निघालेली नाही. दिवाळीनंतर हातभर घेरातलं वाळकं गवत उपटून टाका, डोंगराकडून वणवा आला तर प्लास्टिक वितळून खोडालाच चिकटतं. आणि पावसात रात्री टॉर्च घेऊन आत डोकवा: गोगलगायींना ही जागा फारच पसंत आहे.

वेलींचं काम सोपं. कृष्णकमळ असो की मिरी, नळीतून सुतळी सोडून वरच्या तारेला बांधा. आत अंधुक उजेड असल्याने बाजूचे फुटवे कमी येतात आणि वेल सरळ तारेकडे धावते. शेंडा तारेला लागला की नळी काढली तरी चालते.

झाडाची मात्र घाई नको. नळीतलं रोप उंच पण लेचंपेचं असतं. नळी वर सरकवून बघा. वाकलं तर परत खाली. स्वतःच्या जोरावर उभं राहिलं तरी उन्हाळ्यात काढू नका, सावलीतली कोवळी साल भाजते. जूनमध्ये आभाळ भरून आलं की काढा. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेली नळी हातातच तुटते, ते तुकडे मातीतून वेचून घ्या.