सभासदयादी शेलच्या हवाली करण्यापूर्वी: स्पेस तपासण्याची तयारी

इंदूरमधील मराठी मंडळांत गणेशोत्सवाच्या आधी सभासदयादी नव्याने लावली जाते, आणि पत्रिकांवरील पत्त्यांपासून वर्गणीच्या पावत्यांपर्यंत बरेचसे तिच्यावरूनच छापले जाते. ही यादी एकहाती तयार झालेली नसते. कुणी ती मोबाइलवर टाइप करतो, कुणी एक्सेलमध्ये भरतो, कुणी जुन्या संदेशातला पत्ता उचलून चिकटवतो, आणि नको तेथे पडलेली स्पेस या वाटांनी यादीत शिरते. ती शोधायला बॅश या शेलसाठी, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) पुरते. परंतु ती चालवण्यापूर्वी पुढील गोष्टी नीट पाहून घ्याव्यात, कारण माझ्या मते या कामातला खरा धोका तपासणीच्या ओळीत नसून तिच्या आधीच्या ओळींत आहे.

सर्वप्रथम कोणत्या रकान्यात स्पेस असणे चूक आहे, हे ठरवून लिहून ठेवावे. सभासद क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि पिनकोड यांत ती मुळीच नको. पाकिटावर आपण सवयीने 452 001 असे लिहितो आणि पोस्टमनला त्याची अडचण होत नाही, पण शेलच्या दृष्टीने 452001 आणि 452 001 या दोन निराळ्या स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांच्या माळा, आहेत. याउलट नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव मिळून झालेल्या पूर्ण नावात स्पेस असायलाच हवी. गावाच्या रकान्यात तर दोन्ही प्रकार रास्त ठरतात, कारण महूचे नाव 2003 मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले आणि याद्यांत दोन्ही नावे आढळतात. म्हणून नाव आणि गाव या रकान्यांत केवळ सुरुवातीची, शेवटची किंवा लागोपाठ दोनदा आलेली स्पेस शोधावी. सरसकट एकच नियम लावल्यास अचूक भरलेल्या नोंदीच चुकीच्या यादीत जाऊन बसतील.

त्यानंतर स्क्रिप्ट कोणते शेल चालवणार आहे, याची खात्री करावी. पहिल्या ओळीत बॅशऐवजी नुसते ‘एसएच’ (`sh`) लिहिले असेल, तर उबंटू या लिनक्सवर डॅश हे शेल चालते आणि त्याला दुहेरी चौकटी कंसांची (`[[ ]]`) चाचणी समजत नाही. अशा वेळी ‘अशी कमांड सापडली नाही’ या अर्थाचा संदेश पडद्यावरून निघून जातो, अट असत्य धरली जाते, आणि स्क्रिप्ट त्या नोंदीत स्पेस नाही असे मानून पुढे जाते. डॅशवरच चालवायचे असेल तर ‘केस’ची (`case`) रचना वापरावी, ती दोन्हीकडे चालते.

आता दुहेरी अवतरणचिन्हांकडे वळू. या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. तपासणीसाठी वेगळे फंक्शन (नाव दिलेला आज्ञांचा गट) लिहिले आहे आणि त्याला गावाचे नाव साठवलेले व्हेरिएबल अवतरणचिन्हांशिवाय दिले आहे, असे समजा. त्यात डॉ. आंबेडकर नगर हे नाव असेल, तर शेल आधी स्पेसवर त्याचे तुकडे करते आणि फंक्शनला एकाऐवजी तीन आर्ग्युमेंट (त्याला दिलेली मूल्ये) मिळतात. फंक्शन `$1`, म्हणजे पहिले आर्ग्युमेंट, तपासते, त्यात फक्त ‘डॉ.’ एवढाच तुकडा असतो, त्यात स्पेस नसते, आणि उत्तर ‘स्पेस नाही’ असे येते. चाचणीची ओळ निर्दोष असूनही निकाल चुकतो, कारण जी खूण शोधायची तिच्यावरच कापणी होऊन स्ट्रिंग आत आलेली असते. त्यासाठी फंक्शनला देतानाही व्हेरिएबल अवतरणचिन्हांत ठेवावे, आत प्रत्येक ठिकाणी `"$1"` असेच लिहावे, सर्व आर्ग्युमेंट पुढे द्यायचे असल्यास `"$@"` वापरावे, आणि फंक्शनच्या आरंभी `$#` चे, म्हणजे आर्ग्युमेंटच्या संख्येचे, मूल्य 1 आहे ना, हे पाहावे. ते 1 नसल्यास काम तेथेच थांबवून संदेश द्यावा.

प्रत्यक्ष चाचणी `[[ "$1" == *" "* ]]` अशी लिहावी. यात स्पेस अवतरणचिन्हांच्या आत आणि दोन्ही तारे बाहेर आहेत, याकडे लक्ष द्यावे. `"* *"` असे लिहिले तर शेल तारा, स्पेस, तारा ही तीन चिन्हेच जशीच्या तशी शोधते. सुरुवातीच्या स्पेससाठी `" "*`, शेवटच्या स्पेससाठी `*" "` आणि जोडस्पेससाठी `*"  "*` एवढा बदल पुरेसा आहे. कंसांच्या आतल्या बाजूस स्पेस सोडणे मात्र अनिवार्य आहे.

फाइलमधून ओळी वाचताना ‘रीड’ (`read`) कमांडची एक सवय ध्यानात ठेवावी. शब्द कोठे तोडायचे हे ठरवणाऱ्या आयएफएस (`IFS`) या व्हेरिएबलमध्ये मुळात स्पेस, टॅब आणि नवी ओळ ही चिन्हे असतात, आणि त्यामुळे ‘रीड’ ओळीच्या दोन्ही टोकांच्या स्पेस परस्पर काढून टाकते. आपण शेवटची स्पेस शोधायला बसलेलो असतो आणि ती चाचणीपर्यंत पोहोचतच नाही. वाचण्याच्या ओळीपुरते आयएफएस रिकामे करावे आणि ‘रीड’ला ‘आर’ (`-r`) हा पर्याय द्यावा, म्हणजे उलट्या तिरक्या रेघाही (`\`) जशाच्या तशा राहतील.

स्पेससारखी दिसणारी इतर चिन्हेही विचारात घ्यावीत. साध्या स्पेसचा कोड 32 आहे, टॅबचा 9, आणि विंडोजवर जतन केलेल्या फाइलमध्ये नव्या ओळीच्या आधी येणाऱ्या कॅरेज रिटर्नचा 13. हे तिन्ही ‘स्पेस’ या वर्णवर्गात (`[[:space:]]`, म्हणजे मोकळी जागा दाखवणाऱ्या चिन्हांच्या गटात) मोडतात. म्हणून पिनकोड शेवटच्या रकान्यात असेल आणि कॅरेज रिटर्न आधी काढले नसतील, तर हा वर्ग वापरणारी चाचणी प्रत्येक ओळ सदोष ठरवील. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात 160 कोडची न तुटणारी स्पेस येऊ शकते, आणि लिनक्सवर ती सहसा या वर्गात धरली जात नाही, त्यामुळे तिच्यासाठी स्वतंत्र चाचणी ठेवावी. गोऱ्हे, कऱ्हाडकर यांसारख्या आडनावांत कधीकधी रुंदी नसलेले जोडचिन्ह दडलेले असते. ते स्पेस नव्हे आणि ते काढूही नये, कारण ते गेल्यास ‘ऱ्ह’च्या जागी रफार उमटतो आणि माणसाचे आडनाव बिघडते.

खऱ्या यादीआधी एक लहान नमुना फाइल तयार करावी. तिच्यात स्पेस नसलेली, मध्ये, आधी आणि शेवटी स्पेस असलेली, नुसत्या स्पेसची आणि अगदी रिकामी अशा ओळी घालाव्यात, शिवाय टॅब, कॅरेज रिटर्न आणि न तुटणाऱ्या स्पेसची प्रत्येकी एक ओळ असावी. प्रत्येक ओळीचे अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मग स्क्रिप्ट चालवावी. मजकूर शोधणारी ‘ग्रेप’ (`grep`) कमांड वापरणार असाल तर तिचे तिन्ही निकाल वेगळे हाताळावेत: 0 म्हणजे सापडले, 1 म्हणजे सापडले नाही, आणि 2 म्हणजे फाइल न उघडण्यासारखी अडचण आली. शेवटचे दोन एकाच फांदीत टाकल्यास न वाचलेली यादीही निर्दोष म्हणून पुढे जाईल.

मूळ यादीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि स्क्रिप्टला त्या मूळ फाइलवर लिहू देऊ नये. स्क्रिप्टने अहवालात ओळ क्रमांक, रकान्याचे नाव आणि चौकटी कंसांत घातलेले मूल्य एवढेच छापावे. `[452001 ]` असे छापले म्हणजे शेवटची स्पेस डोळ्यांना दिसते. दुरुस्ती ज्याने ती नोंद भरली त्याच्याकडूनच करून घ्यावी, कारण नावातील कोणती स्पेस राहावी आणि कोणती जावी, हे त्यालाच ठाऊक असते.