नगरला रणगाडे बघायला जाताय? मग असे बघा

संभाजीनगरहून सकाळची एसटी धरली की नेवासा फाट्यावरून अडीच-तीन तासात नगर, तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम म्हणजे रणगाड्यांचं संग्रहालय गाठायचं. आधार कार्ड आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा बास. मी भाच्याला घेऊन गेलतो तर लेकरानं दहा मिनिटात सगळे फोटो काढले आन म्हणलं मामा चला आता रस पिऊ. तसं करू नका. एकच गोष्ट डोक्यात ठेवून फिरा, पोलादाची जाडी.

आधी जपानी हा-गो गाठा. दिसायला रणगाडा, पण चिलखत जास्तीत जास्त 12 मिमी, म्हणजे करंगळीएवढं. असल्या चिलखताला जाड बंदूक पुरायची, जर्मनीनं 1918 लाच 13.2 मिमीची माउझर रायफल काढली होती, एका वेळी एकच गोळी आणि खांद्याची वाट.

मग अमेरिकी पॅटन रणगाड्यासमोर उभं राहा, समोरून 100 मिमीच्या आसपास. इथं बंदूक काय करणार? खरी गंमत इथंच आहे, जरा थांबा. घरातलं नरसाळं आठवा. तांब्याचं असं नरसाळं तोंड रणगाड्याकडं करून ठेवायचं, मागं बारूद. स्फोट झाला की तांबं दाबून त्याची बारीक, भयानक वेगाची धार होती आणि ती पोलादात घुसते. म्हणजे गोळा किती जोरात आला ह्याला महत्त्वच राहिलं नाही, म्हणून मग ते हत्यार एका माणसाला उचलता आलं. 1942 ला अमेरिकेचा बझूका, 1943 ला जर्मनांचा पान्झरफाउस्ट, त्याची सुरुवातीची रेंज फक्त 30 मीटर! वर्गाच्या दारातून फळ्यावर खडू मारावा तसं, पण समोर रणगाडा.

इंग्रजांचा पियाट तर स्प्रिंगवर चालायचा, वजन 14-15 किलो, ताणताना माणूस घामाघूम. ह्याच पियाटनं गोरखा पलटणीच्या गंजू लामानं जून 1944 मध्ये मणिपूरमधल्या निंगथौखोंगला दोन जपानी रणगाडे उडवले, मनगट मोडलेलं असताना, 30 यार्डावरून. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1965 ला पॅटन फोडणारे अब्दुल हमीद आपल्याला पाठ आहेत (त्यांची तोफ जीपवरची होती, खांद्यावरची नाही, हे लोक कायम गल्लत करतात), पण लामाचं नाव भाच्याला मुद्दाम सांगा.

आता रणगाड्याला एक चक्कर मारा. समोर जाड, बाजूला कमी, मागं अजून कमी. खांद्यावरून मारायची हत्यारं घेतलेला माणूस, 1961 च्या आरपीजी-7 वाला नाहीतर आपल्या फौजेतला 84 मिमीचा कार्ल गुस्ताफवाला, बाजू का शोधतो ते तिथंच कळतं. त्यावर उपाय म्हणून रणगाड्यावर बाहेरून स्फोटकाच्या विटा लावायला लागले, 1982 च्या लेबनॉनच्या लढाईत इस्रायलनं त्या वापरल्या, वीट फुटली की धार विस्कटते.

शेवटी दोन पावलं मागं सरका आणि टपाकडं बघा, वर चढू नका. तिथलं चिलखत बरंच पातळ, अमेरिकेचं जॅव्हलिन मिसाईल वर जाऊन बरोबर तिथंच उतरतं. आपल्या डीआरडीओनं 2018 मध्ये माणसाला उचलून नेता येणाऱ्या अशाच मिसाईलची टेस्ट घेतली ती नगरच्याच रेंजवर.

एवढं बघायला दोन तास लागतात. रस नंतर पाजा.