काउंटर-स्ट्राइकची स्किन घ्यायची तर कशी घ्यावी

काउंटर-स्ट्राइक हा कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा गेम. त्यात एकाच टीममधले दोघे. एकाच्या हातात साधी एके-४७, दुसऱ्याच्या हातात काळ्या अंगावर लाल पट्ट्यांची. दोन्ही बंदुकांची गोळी सारखीच लागते, झटका सारखाच बसतो आणि फेरीच्या सुरुवातीला दोघांच्या खात्यातून खेळातले २,७०० डॉलरच वजा होतात. फरक एवढाच, की लाल पट्ट्यांसाठी कुणीतरी खिशातले खरे पैसे मोजलेत. बंदुकीच्या अशा रंगसजावटीला स्किन म्हणतात.

असे पैसे मोजणं मला वेडेपणा वाटत नाही. जी बंदूक रोज तासन् तास डोळ्यांसमोर असते, ती आपल्या आवडीच्या रंगाची असावी असं वाटण्यात वावगं काय? माझा राग बंद पेट्यांवर आहे, ज्यांतून नशिबाने काय निघेल ते निघतं, आणि स्किनला ‘गुंतवणूक’ म्हणून कॉलेजच्या पोरांच्या गळ्यात मारणाऱ्यांवर आहे. त्या दोन्हींपासून लांब राहून हवी ती स्किन पदरात कशी पाडून घ्यायची, ते सांगतो.

पायरी १: दुकान कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

टीमने खेळायच्या शूटर गेममध्ये दोन प्रकारची दुकानं असतात. व्हॅलरंट किंवा बीजीएमआयमध्ये घेतलेली वस्तू तुमच्या खात्याला कायमची चिकटते. ती दुसऱ्याला विकता येत नाही, आणि अख्खं खातंच विकणं नियमात बसत नाही. तिथे प्रश्न सोपा असतो: आवडली का, आणि परवडते का?

काउंटर-स्ट्राइकचं तसं नाही. तिथली वस्तू या हातातून त्या हातात जाते आणि तिचा भाव रोज हलतो. याची सुरुवात व्हॉल्व्ह कंपनीच्याच टीम फोर्ट्रेस २ मध्ये झाली. २००७ चा हा गेम. २००९ मध्ये त्यात पात्रांना घालायच्या टोप्या आल्या, आणि ३० सप्टेंबर २०१० च्या अपडेटने दुकान, पेट्या, चाव्या आणि खेळाडूंमधली देवाणघेवाण असं सगळंच एका दमात आणलं. पुढच्या वर्षी गेम फुकट झाला. टोप्यांवर गेम चालतो हे तोवर कंपनीला कळून चुकलं होतं. हाच साचा १३ ऑगस्ट २०१३ रोजी ‘आर्म्स डील’ अपडेटने काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये आला. २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा जुन्या स्किन जशाच्या तशा नव्या गेममध्ये गेल्या.

दुकान कोणतंही असो, विकत घेतलेल्या वस्तूने सामन्यात फायदा होता कामा नये, ही रेषा मला फार महत्त्वाची वाटते. बंदुकीच्या स्किन ती पाळतात. २०१९ मध्ये आलेल्या ‘एजंट’ पोशाखांनी मात्र ती ओलांडली. हिरव्या-करड्या कपड्यांतले काही एजंट झुडपांत आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत पटकन दिसत नाहीत. खेळाडूंनी यावर तक्रारी केल्या, आणि त्या रास्तच होत्या.

पायरी २: पेटी उघडू नका

हवी असलेली स्किन स्टीमच्या (व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या) मार्केटवर समोर दिसत असताना तिच्यासाठी पेटी फोडू नका. या सगळ्या लेखातलं एवढं एकच पाळलंत तरी पैसे वाचतील.

पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे आकडे २०१७ मध्ये चीनमध्ये जाहीर करावे लागले, कारण तिथल्या नियमानुसार ते सांगणं बंधनकारक झालं होतं. निळ्या दर्जाची वस्तू ७९.९२ टक्के वेळा, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४, आणि ज्यासाठी सगळे जीव टाकतात ते चाकू-हातमोजे ०.२६ टक्के. म्हणजे साधारण ३८५ पेट्यांमागे एक चाकू. प्रत्येक पेटी उघडायला लागणारी चावी सुमारे अडीच डॉलरची, तेव्हा ३८५ चाव्यांचे साडेनऊशे डॉलरच्या वर होतात. पेट्यांचे पैसे वेगळेच.

इथे बहुतेक जण फसतात ते वेगळ्याच हिशोबात. ३८५ पेट्या फोडल्या म्हणजे चाकू नक्की मिळणार, असं त्यांना वाटतं. पण प्रत्येक पेटी नव्याने नशीब काढते. आधीच्या अपयशाची ती दखल घेत नाही. शंभर जणांनी प्रत्येकी ३८५ पेट्या उघडल्या, तर त्यातले साधारण ३७ जण हात हलवत परत येतील. आणि ज्यांना चाकू मिळेल, त्यांतल्या पुष्कळांना तो न आवडणाऱ्या रंगाचा आणि घासलेला मिळेल.

उघडताना चित्रांची पट्टी सरसर फिरते, हळूहळू मंदावते आणि सोनेरी खुणेच्या अगदी शेजारी येऊन थांबते. ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं. खरं तर निकाल आधीच ठरलेला असतो, ती पट्टी निव्वळ देखावा आहे. बेल्जियमच्या जुगार नियंत्रकांनी एप्रिल २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं, आणि बेल्जियम-नेदरलँड्समध्ये व्हॉल्व्हने पेट्या उघडणं बंद केलं. माझंही मत तेच आहे: पैसे लावायचे, नशिबावर सोडायचं आणि निघालेली वस्तू पैशांत विकता येते, याला दुसरं नाव नाही.

प्राइम (पैसे भरून घ्यायचं) खातं असेल तर आठवड्यातून एकदा लेव्हल वाढल्यावर चारपैकी दोन वस्तू फुकट निवडता येतात. त्यात पेटी असली तर खुशाल घ्या आणि न उघडता विकून टाका. तेवढीच पुढच्या स्किनची भर.

पायरी ३: फ्लोट वाचायला शिका

प्रत्येक स्किनला ० ते १ मधला एक आकडा जन्मतःच चिकटलेला असतो. तो फ्लोट, म्हणजे झीज. वापरून तो वाढत नाही. दहा वर्षं खेळलात तरी तोच राहतो. त्यावरून पाच नावं पडतात: ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढे बॅटल-स्कार्ड.

नवशिक्या माणूस नाव बघून घेतो, जाणकार आकडा बघतो. फील्ड-टेस्टेडचीच गोष्ट घ्या. ०.१६ आणि ०.३७ या दोन्हींना तेच नाव लागतं, पण पहिली जवळजवळ कोरी दिसते आणि दुसरीच्या कडांचा रंग उडालेला असतो. भावात कित्येकदा किरकोळ फरक असतो. म्हणून ‘इन्स्पेक्ट’ करून बंदूक खेळात फिरवून बघा, झिजेचा आकडा वाचा, मगच बटण दाबा.

दुसरी खुबी अशी, की प्रत्येक स्किनची फ्लोटची मर्यादा वेगळी असते. सुरुवातीला सांगितलेली लाल पट्ट्यांची एके म्हणजे ‘रेडलाइन’. तिचा फ्लोट ०.१० पासून सुरू होतो, त्यामुळे फॅक्टरी न्यू रेडलाइन जगात नाहीच. कुणी विकायला आला तर तो थाप मारतोय. एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीची पांढरी-नारिंगी ‘असीमोव’ ०.१८ पासून पुढे, म्हणजे तिच्यात फील्ड-टेस्टेड हाच सर्वांत चांगला दर्जा. गंमत म्हणजे अगदी शेवटाकडच्या फ्लोटला असीमोवची दुर्बीण काळी पडते, आणि त्या काळ्या दुर्बिणीसाठी काही शौकीन जास्त पैसे मोजतात.

बंदुकीवर चिकटवलेल्या स्टिकरचे मात्र पूर्ण पैसे देऊ नका. चिकटवलेला स्टिकर काढून पुन्हा वापरता येत नाही, आणि पुढे विकताना त्याच्या भावाचा लहानसा भागच हाती येतो. दुर्मीळ जुने स्टिकर हा वेगळाच बाजार आहे. त्यात नव्या माणसाने पडू नये.

पायरी ४: भाव बघा, आणि पैसे गेले असं समजा

स्टीमच्या मार्केटवर प्रत्येक वस्तूचा जुन्या विक्रीचा आलेख असतो. आजचा भाव बघून थांबू नका, महिन्याभराचा बघा. घाई नसेल तर थोड्या कमी भावाची ‘बाय ऑर्डर’ (या भावाला मिळाली तर घेईन, अशी नोंद) लावून ठेवा.

विकणाऱ्याच्या हाती किती पडतात तेही समजून घ्या. कपात १५ टक्के: ५ स्टीमची, १० गेमची. ती विकणाऱ्याच्या रकमेवर चढते. म्हणजे घेणाऱ्याने १,००० रुपये दिले, तर विकणाऱ्याला सुमारे ८७० मिळतात. तुम्ही आज १,००० ला घेतलेल्या स्किनचे १,००० परत यायला तिचा भाव १,१५० वर जायला हवा. आणि ते पैसेही स्टीमच्या वॉलेटमध्येच राहतात, बँकेत येत नाहीत. शिवाय मार्केटवरून घेतलेली वस्तू सात दिवस ट्रेड (दुसऱ्या खेळाडूशी देवाणघेवाण) करता येत नाही.

बाहेरच्या संकेतस्थळांवर स्वस्त मिळतं हे खरं. पण तिथे काही बिनसलं तर स्टीम हात वर करतं. पहिली स्किन तरी स्टीमवरच घ्या.

‘भाव वाढतोच’ म्हणणाऱ्याला ऑक्टोबर २०२५ ची आठवण द्या. एका अपडेटने पाच लाल दर्जाच्या स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवायची सोय झाली, आणि रातोरात चाकूंचे भाव कोसळले, लाल दर्जाच्या स्किनचे चढले. जुलै २०१९ मध्ये टीम फोर्ट्रेस २ च्या काही पेट्यांतून चुकीने दर वेळी दुर्मीळ ‘अनयुज्युअल’ टोप्या निघू लागल्या, तेव्हा टोप्यांचा बाजारही असाच गडगडला. स्टीमच्या करारानुसार ही वस्तू तुमच्या मालकीची नसते, तुमच्याकडे फक्त वापरायचा परवाना असतो. ज्याचे नियम एकच कंपनी केव्हाही बदलू शकते, तिथे बचत ठेवायची नसते. एका संध्याकाळच्या बाहेरच्या जेवणाइतकी रक्कम ठरवा आणि तिथेच थांबा.

पायरी ५: घरात मूल खेळत असेल तर

मूल बीजीएमआयसारखा गेम फोनवर खेळत असेल, तर गूगल प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करा, आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. क्रेट (पेटी) किंवा स्पिन (नशिबाचं चक्र) उघडायचा हट्ट असेल, तर आधी त्याची शक्यता मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. अॅपलने २०१७ पासून आणि गूगलने २०१९ पासून ती दाखवणं बंधनकारक केलं आहे.

पायरी ६: खात्याला कुलूप लावा

स्किन घेण्याआधी फोनवर स्टीम गार्ड (लॉगिन आणि ट्रेडला फोनवरून मंजुरी मागणारी सोय) सुरू करा. चोर बहुतेक वेळा ओळखीच्या तोंडानेच येतो. मित्राच्या हॅक झालेल्या खात्यावरून निरोप येतो: ‘आमच्या टीमला व्होट कर ना.’ दुव्यावर स्टीमसारखंच हुबेहूब लॉगिन पान उघडतं. तुम्ही पासवर्ड आणि कोड टाकता. लगेच काही होत नाही, म्हणून शंकाही येत नाही. चोर मात्र तुमच्या खात्यावर एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रॅमला तुमचे ट्रेड हाताळू देणारी किल्ली) काढून ठेवतो. पुढे तुम्ही खरा ट्रेड कराल तेव्हा तो रद्द करून, त्याच नावाच्या आणि त्याच फोटोच्या खोट्या खात्याकडून दुसरा ट्रेड पाठवला जातो. तुम्ही फोनवर ‘कन्फर्म’ दाबता आणि स्किन जाते. म्हणून कन्फर्म करण्याआधी समोरच्याची लेव्हल आणि खातं उघडल्याची तारीख फोनवर पडताळा, आणि तुम्ही न काढलेली एपीआय की दिसली तर ताबडतोब रद्द करा.

घात झालाच, तर क्रम असा: पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, एपीआय की रद्द करा. मग ट्रेड हिस्टरी उघडा. २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकचे ट्रेड सात दिवसांपर्यंत उलटवता येतात. त्या मुदतीतले सगळे एकदमच उलटतात आणि खात्याला तीस दिवस ट्रेडबंदी लागते, पण वस्तू परत येतात. सात दिवस उलटून गेले तर स्टीम सपोर्ट गेलेली वस्तू परत देत नाही. आणि बँकेतून किंवा यूपीआयवरून पैसे गेले असतील, तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.