चिपाडातून लिग्निन वेगळं करताना या चुका टाळा

नवी मुंबईत या प्रयोगासाठी कच्चा माल शोधावा लागत नाही. रसवंतीमागे उसाच्या चिपाडाचा ढीग असतोच. मेथॅनॉलमध्ये चिपाडाचा चुरा, सोबत उत्प्रेरक म्हणून कार्बनवर बसवलेलं रुथेनियम, हायड्रोजनचा दाब, 200 ते 250 अंश सेल्सिअस आणि काही तास. लिग्निन, म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तीला घट्ट धरणारा पदार्थ, द्रावकात (इथे मेथॅनॉलमध्ये) उतरतं, सेल्युलोजचा लगदा मागे राहतो. मोनोमर, म्हणजे लिग्निन तुटून मिळणारे सुटे लहान रेणू, कमी आले की विद्यार्थी लगेच उत्प्रेरक बदलतात. बिघाड मात्र बऱ्याचदा त्याच्या आधीच झालेला असतो.

रसवंतीच्या चिपाडात साखर उरते. ती द्रावकात गेली की वजनातली घट पाहून लिग्निन भरपूर निघाल्याचा भास होतो. म्हणून चुरा आधी पाण्याने, मग इथेनॉलने धुऊन घ्या. इथल्या पावसाळी हवेत वाळवलेला चुराही पुन्हा ओलावा धरतो; ज्या दिवशी वजन कराल त्याच दिवशी ओलावा मोजा. बुरशी लागलेला माल सरळ फेका.

शहापूर-मुरबाडकडचा भाताचा पेंढा घेतलात तर सिलिका, म्हणजे राखेत उरणारं वाळूसारखं खनिज, सांभाळा. 72 टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीत न विरघळलेला गाळ लिग्निन म्हणून धरतात. त्यातली राख वजा केली नाही, तर मूळ लिग्निन फुगतं आणि उतारा उगाच कमी दिसतो.

आता मुख्य गैरसमज: लिग्निन उत्प्रेरकच बाहेर काढतो, असं वाटतं. प्रत्यक्षात लिग्निन पेशीभित्तीतून सोडवण्याचं काम प्रामुख्याने द्रावक आणि उष्णता करतात. बीटा-ओ-4 बंध (लिग्निनमधले मुख्य जोड) तुटून निघालेले तुकडे फार अस्थिर असतात. ते एकमेकांना जोडले गेले की पुन्हा सहजी फुटत नाहीत. उत्प्रेरकाने त्याआधी त्यांना हायड्रोजन देऊन स्थिर करायचं असतं. त्यामुळे लगद्यातच लिग्निन राहिलं असेल, तर तापमान, वेळ आणि चुऱ्याची जाडी बघा. लिग्निन निघालंय पण मोनोमर नाहीत, तर ढवळणं, उत्प्रेरकाचं प्रमाण आणि हायड्रोजनची गळती तपासा. उत्प्रेरकाविना एक प्रयोग केल्याशिवाय हा फरक नीट कळत नाही, तो टाळूच नका.

भुकटी उत्प्रेरक लगद्यात मिसळला तर वेगळा करणं जिकिरीचं. उत्प्रेरकाच्या गोळ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवणं मला जास्त पटतं. आणि जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) फक्त लहान रेणू दिसतात. ऑलिगोमर, म्हणजे काही मोनोमर जोडलेले मोठे तुकडे, तिथे दिसले नाहीत म्हणजे ते नाहीतच, असं समजू नका.

सुरक्षेत तडजोड नको. मेथॅनॉलचा स्वतःचा दाब 200 अंशांना सुमारे 40 बार असतो आणि 250 अंशांना 80 बारच्या वर जाऊ शकतो, हायड्रोजन वेगळाच. रिअॅक्टर निम्म्याहून जास्त भरू नका. वापरलेला उत्प्रेरक गाळताना कोरडा पडला, तर हवेत पेट घेऊन मेथॅनॉलची वाफ पेटवू शकतो. तो नायट्रोजनखाली गाळा आणि पाण्याने ओलाच ठेवा.